पडद्यामागचे प्रश्न : "ताई, मला हिरोईनच व्हायचंय"

यावेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयावरची निघाली, सिनेमात जायचंय, कसं जायचं, जावं का, घरचे काय म्हणतील. म्हणून अख्खा कॉलम त्याच्यावरच ठेवलाय. नावं कुणाचीच छापत नाहीये, बऱ्याच जणींनी तसं कळवलं होतं.

प्रश्न : ताई, मी बार्शीची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात एकांकिका केल्या, युवा महोत्सवात ॲक्टिंगचं बक्षीस पण मिळालं. मला हिरोईन व्हायचंय, साइड रोल नाही, मेन. हे बोलून दाखवलं की मैत्रिणी हसतात आणि वडील म्हणतात चांगल्या घरच्या मुली तिकडं जात नाहीत. आई काहीच बोलत नाही. मी जाऊ का नको? मला फेमस व्हायचंय यात काही चुकीचं आहे का?

उत्तर : काहीही चुकीचं नाहीये. मुलानं म्हटलं मला कलेक्टर व्हायचंय की आपण पेढे वाटायच्या तयारीला लागतो आणि मुलीनं म्हटलं मला पडद्यावर मेन रोल करायचाय की घरात सगळे एकमेकांची तोंडं बघतात, हे मी इतकी वर्षं बघतेय आणि मला त्याचा राग येतो. तुला मोठं व्हायचंय, तू ते तोंडाने बोललीस, बास, त्याबद्दल कुणाची माफी मागायची नाही.

आता गंमत बघ, तुझा जो प्रश्न आहे ना, 'जाऊ का मी सिनेमात', अगदी याच प्रश्नाचं एक मराठी पुस्तक १९४० साली आलं होतं, 'जाऊ मी सिनेमात?' आणि ते लिहिणारी बाई तुझ्याच सोलापूर जिल्ह्यातली, अक्कलकोट तालुक्यातल्या दुधनीची. शांता आपटे. त्या काळातली अख्ख्या हिंदुस्थानात गाजलेली नटी आणि गायिका. तिच्याबद्दल पुढच्या पत्रात सविस्तर लिहिलंय कारण पुण्याच्या एका आजोबांनी नेमकं तिच्याबद्दलच विचारलंय, ते तू नक्की वाच.

वडिलांच्या 'चांगल्या घरच्या मुली'बद्दल सांगते. हे वाक्य १९३१ मध्ये दुर्गा खोटेंनी पण ऐकलंय. मुंबईतलं सुखवस्तू लाड घराणं, सेंट झेवियर्समध्ये शिकलेल्या, इंग्रजी फाडफाड. लग्नानंतर सासरची आर्थिक घडी विस्कटली, पदरात दोन लहान मुलं, तेव्हा त्यांनी एका सिनेमात छोटंसं काम घेतलं, 'फरेबी जाल' नावाचा, आणि समाजात इतकी नालस्ती झाली की दुसरी कुणी असती तर परत त्या वाटेला गेली नसती. पण पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' आला आणि त्यात त्या तारामती. तेव्हा प्लेबॅक नव्हतं बरं का, कॅमेऱ्यासमोर स्वतः गायचं, त्यातच ॲक्टिंग करायची, सूर गेला की पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर लोकांची तोंडं बंद झाली. नुसती बंद झाली असं नाही, त्यांच्या मागोमाग शिकलेल्या घरातल्या मुली यायला लागल्या. त्या एका कंपनीला बांधून राहिल्या नाहीत, कोल्हापूर, कलकत्ता, मुंबई, जिथं चांगलं काम तिथं गेल्या, १९३७ मध्ये स्वतः सिनेमा काढला, १९८३ चं दादासाहेब फाळके पारितोषिक मिळालं आणि तुझ्या वडिलांना टीव्हीवरचं 'वागले की दुनिया' आठवत असेल तर सांग त्यांना, ते दुर्गाबाईंच्याच कंपनीनं काढलेलं. वडिलांशी भांडू नकोस, दुर्गाबाईंचं आत्मचरित्र 'मी, दुर्गा खोटे' लायब्ररीतून आणून त्यांच्या हातात दे. आईला पण दे. त्या काही बोलत नाहीत म्हणजे विरोधच आहे असं धरू नकोस, मला तर वाटतं त्या तुझ्या बाजूच्या असतील.

तुझ्या जिल्ह्यातलं अगदी अलीकडचं नाव तर तुला माहितीच आहे, अकलूजची रिंकू राजगुरू. 'सैराट' एप्रिल २०१६ मध्ये थिएटरला लागला पण राष्ट्रीय पुरस्कारातला तिचा विशेष उल्लेख त्याच्या महिनाभर आधीच जाहीर झालेला, म्हणजे लोकांनी तिला डोक्यावर घ्यायच्या आधी ज्युरीनं तिचं काम बघितलं होतं. शाळेत शिकणारी पोरगी. पुढे गर्दीमुळे तिला शाळेत जाणं अवघड झालं आणि दहावी बाहेरून द्यावी लागली. फेमस होणं म्हणजे हे पण असतं, ते आत्ताच माहिती असू दे.

मग तू काय करायचं. बी.कॉम. पूर्ण कर, आणि हे मी वडिलांना खूश करायला सांगत नाहीये. पुण्याच्या एफटीआयआयला, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूटला, ॲक्टिंगचा कोर्स आहे, दिल्लीला एनएसडी, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे, दोन्हीकडे ग्रॅज्युएशन लागतं आणि एनएसडीला तर नाटकात काम केल्याचा अनुभवही बघतात. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची थिएटर अकॅडमी आहे. तोपर्यंत राज्य नाट्य स्पर्धेला सोलापूर केंद्रावर जे ग्रुप नाटक करतात त्यांच्यात घुस, मिळेल ते काम कर, प्रॉम्प्टिंग कर, पण तालमीला रोज जा. मेन रोल पाहिजे म्हणतेस ना, मग दोन तास स्टेजवर आवाज टिकतो का हे आधी तुला स्वतःला कळलं पाहिजे आणि ते आरशासमोर कळत नाही.

प्रश्न : माझे वय ७८. लहानपणी वडिलांकडून ऐकले होते की शांता आपटे प्रभात स्टुडिओच्या दारात उपोषणाला बसल्या होत्या. हे खरे की नुसती दंतकथा? आणि खरे असल्यास कारण काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आजोबा, नमस्कार. तुमच्या वडिलांनी सांगितलं ते शंभर टक्के खरं आहे. जुलै १९३९ ची गोष्ट. आज जिथं एफटीआयआय आहे, लॉ कॉलेज रोडला, तोच तेव्हाचा प्रभात स्टुडिओ, कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आली ती तिथंच. त्याच्या गेटवर ही बाई अन्न सोडून बसली. कंपनीची स्वतःची हिरोईन, जिच्या नावावर तिकिटं खपत होती, ती मालकांच्या दारात उपोषणाला. गावभर चर्चा होणारच.

कारण होतं करार आणि पगार. तेव्हा सिनेमाची सिस्टीम आजच्यासारखी नव्हती. नट-नटी म्हणजे कंपनीचे पगारी नोकर, कॅमेरामन, सुतार, शिंपी सगळेच महिन्याच्या पगारावर, रोज सकाळी स्टुडिओत हजर व्हायचं आणि करार असेपर्यंत बाहेरचं काम घ्यायचं नाही. काम कुठलं द्यायचं, द्यायचं की नाही, सगळं कंपनी ठरवणार. प्रभात तर शिस्तीसाठी प्रसिद्धच होती. आता विचार करा, तुमचं नाव सगळ्या देशात झालंय, बाहेरून ऑफर येतायत, आणि तुम्ही हललात तर करारभंग. बहुतेक लोक गुपचूप सहन करायचे. शांताबाईंनी केलं नाही. आणि पद्धत कुठली निवडली, तर जी तेव्हा सगळ्या देशाला पाठ झालेली होती ती, उपोषण. मला यात त्यांची हुशारी दिसते. कोर्टात गेल्या असत्या तर दोन वकिलांमध्ये फाइल फिरत राहिली असती, गेटवर बसल्या म्हणून पेपरात आलं आणि तुमच्या वडिलांपर्यंत पोचलं आणि आज तुम्ही मला विचारताय.

पण ही बाई एकदम काही गेटवर जाऊन बसली नाही हो, तिथपर्यंत पोचायला जे केलं ते जास्त महत्त्वाचं आहे. गाणं लहानपणी पंढरपूरला शिकलेली. भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर'मध्ये राधा केली १९३२ मध्ये, शाहू मोडक कृष्ण, दोघंही तेव्हा कोवळ्या वयाची. मग प्रभातचा 'अमृतमंथन' १९३४ मध्ये, आणि तिथं खरी ओळख झाली. त्या काळात गाणं म्हणजे नटी एका जागी खांबासारखी उभी राहून म्हणायची, कॅमेरा हलत नाही, माणूस पण हलत नाही. शांताबाई गाता गाता हात हलवायच्या, डोळे फिरवायच्या, अंगात लय दिसायची, लोकांना ते एकदम नवं वाटलं. आज आपण गाण्यात चेहऱ्यावरचे भाव बघतो ते आपल्याला इतकं नॉर्मल झालंय की ते कुणीतरी पहिल्यांदा केलं असेल असं डोक्यातही येत नाही.

आणि मग १९३७ चा 'कुंकू', हिंदीत 'दुनिया न माने'. तुम्ही बघितला असेलच, पण या कॉलमच्या तरुण वाचकांसाठी सांगते, यूट्यूबवर शोधा आणि एकदा बघाच. नीरा नावाची मुलगी, मामा तिला फसवून एका म्हाताऱ्या विधुराच्या गळ्यात बांधतो, केशवराव दात्यांनी तो म्हातारा केलाय आणि काय केलाय! ती नवऱ्याला नवरा मानायलाच तयार नाही, आरडाओरडा नाही, रडारड फारशी नाही, सरळ नकार. सावत्र मुलगा अंगचटीला येतो तर त्याला छडीनं फोडून काढते. १९३७ मध्ये! दिग्दर्शक व्ही. शांतारामबापूंनी या सिनेमात पार्श्वसंगीत जवळजवळ काढूनच टाकलं होतं, घरातले जे आवाज असतील तेवढेच, घड्याळाची टिकटिक वगैरे, त्यामुळे नटांना लपायला जागाच नाही, मागे व्हायोलिन वाजून प्रेक्षकाला रडवणार नाही, जे काय करायचं ते चेहऱ्यानं आणि आवाजानं करा. शांताबाईंची गप्प बसायची पद्धत बघा त्यात. मी कितीही वेळा तो सिनेमा लावला तरी त्या गप्प सीन्सना हातातलं काम थांबतं. आणि त्याच सिनेमात ती एक इंग्रजी कविता पण गाते, लाँगफेलोची. दुधनीची मुलगी, पंढरपूरला शास्त्रीय शिकलेली, मराठी सिनेमात इंग्रजी कविता चालीवर म्हणतेय, म्हणजे शिकायची तयारी किती असेल.

उपोषणानंतर प्रभात सुटलं. लोकांना वाटलं असेल संपली आता. तर ही बाई गेली मद्रासकडे. १९४१ मध्ये तमिळ 'सावित्री' आला, त्यात सावित्री शांताबाई आणि नारद कोण माहितीये, साक्षात एम. एस. सुब्बुलक्ष्मी! संवाद स्वतः म्हणता यावेत म्हणून तमिळ शिकल्या. मग लाहोरला निर्माते पांचोलींकडे 'जमीनदार' केला १९४२ मध्ये. पुणे, मद्रास, लाहोर, तेव्हाच्या ट्रेननं. कुणी गॉडफादर नाही.

आणि या सगळ्याच्या मधे, १९४० मध्ये, ते पुस्तक. त्याला कुणी आत्मचरित्र म्हणतं पण त्यात 'मी कशी मोठी झाले' कमी आणि या धंद्यात पैसा कुठून येतो, कुणाच्या खिशात जातो, नटाच्या शरीराला काम किती पिळून घेतं याच्यावरच जास्त आहे. स्टारनं असं लिहायची पद्धत आजही नाहीये आपल्याकडे. १९६४ मध्ये त्या गेल्या. मला फार मनापासून वाटतं की त्या गेटवर त्यांच्या नावाची निदान एक पाटी तरी पाहिजे होती.

प्रश्न : ताई, माझी मुलगी १९ वर्षांची. तिला इन्स्टावर एका कोऑर्डिनेटरचा मेसेज आला, मोठ्या बॅनरच्या वेब सिरीजला सिलेक्शन झालंय, फक्त आर्टिस्ट कार्ड आणि पोर्टफोलिओचे २५ हजार भरा. मुलगी हट्टाला पेटलीय. भरू का? (इचलकरंजी)

उत्तर : एक रुपया पण भरू नका. वहिनी, हे अगदी पक्कं लक्षात ठेवा, खरा कास्टिंग डायरेक्टर कलाकाराकडून ऑडिशनचे पैसे घेत नाही, त्याला पैसे प्रॉडक्शन हाऊस देतं. आणि ऑडिशन न घेता सिलेक्शन कसलं झालं? इन्स्टावरचे फोटो बघून वेब सिरीजमध्ये कुणी घेत नाही.

खरी ऑडिशन कशी असते ते सांगते म्हणजे फरक ओळखता येईल. आधी 'इंट्रो' मागतात, फोनवरच शूट करायचा, प्लेन भिंतीसमोर, उजेड चेहऱ्यावर. नाव, वय, उंची, गाव, काय काम केलंय. मग डावा प्रोफाइल, उजवा प्रोफाइल, दोन्ही हात पुढे-मागे करून दाखवायचे. त्यानंतर एक-दीड पानाचा सीन येतो, तो पाठ करून पाठवायचा. मुंबईत वर्सोव्याला आराम नगर म्हणून भाग आहे, जुने बंगले आणि त्यात कास्टिंगची ऑफिसं, तिथं मुलं-मुली सकाळपासून दारोदार फिरतात. दाराशी एक असिस्टंट असतो, तो बघतो आणि 'नॉट फिट' म्हणतो. दोन शब्द, कारण देत नाहीत. कधी उंची, कधी वय, कधी त्या रोलला तसा चेहराच नको असतो. ते ऐकून दुसऱ्या दारात जायचं. हे सगळं फुकट असतं. कष्ट आहेत, अपमान पण वाटतो, पण २५ हजार कुणी मागत नाही.

कार्ड म्हणजे ते बहुतेक सिंटाचं म्हणत असतील, ती कलाकारांची संघटना, तिथं सभासद व्हायचं तर आधी काम लागतं आणि अर्ज थेट त्यांच्या ऑफिसात करता येतो, मधला माणूस लागत नाही. पोर्टफोलिओसाठी सुरुवातीला दिवसाच्या उजेडात काढलेले, फिल्टर नसलेले चार साधे फोटो चालतात. ज्या नंबरवर पैसे मागितलेत त्याचे स्क्रीनशॉट ठेवा आणि आधीच काही भरलं असेल तर लगेच १९३० ला फोन करा, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे, जितक्या लवकर कराल तितके पैसे अडवता येण्याचा चान्स जास्त. आणि मुलीवर चिडू नका प्लीज, तिला यावेळी बोलणी बसली तर पुढच्या वेळी ती तुम्हाला सांगणारच नाही, मग पंचाईत होईल.

प्रश्न : माधुरी दीक्षित 'एक दो तीन'नं एका रात्रीत स्टार झाली. म्हणजे शेवटी नशीबच ना? (नाशिक)

उत्तर : एका रात्रीत? पहिला सिनेमा 'अबोध', राजश्रीचा, १९८४ मध्ये. 'तेजाब' लागला १९८८ च्या शेवटाला. मधली चार वर्षं तुम्ही धरलीच नाहीत. त्या चार वर्षांत तिचे सिनेमे आले आणि एकामागून एक पडले, 'आवारा बाप', 'स्वाती', 'उत्तर दक्षिण', आज कुणाला आठवतात? नवीन मुलीचे चार-पाच सिनेमे आपटले की इंडस्ट्रीत तिला पनवती म्हणायला कमी करत नाहीत. घर साधं मराठी, अंधेरीतलं, सिनेमाशी संबंध नाही, कॉलेजात मायक्रोबायोलॉजी घेतलेलं, परत जायला रस्ता उघडा होता. ती गेली नाही.

आणि 'एक दो तीन'मध्ये जे दिसतं ते लहानपणापासून केलेलं कथक आहे. सरोज खाननी तिच्याकडून फिल्मी ठेका घोटून घेतला, त्या गाण्यानंतर फिल्मफेअरनं कोरिओग्राफीसाठी वेगळं अवॉर्डच सुरू केलं आणि पहिलं सरोजजींनाच दिलं. डायरेक्टर एन. चंद्रा, तेही मराठीच, नार्वेकर. नशिबाचा भाग असतो, मी नाही म्हणत नाही, ते गाणं दुसऱ्या कुणाला मिळालं असतं तर? पण मिळाल्यावर ते पेलणारे पाय तिच्याकडे तयार होते.

प्रश्न : माझी मुलगी ९ वर्षांची आहे, खूप छान ॲक्टिंग करते, रील्सना हजारो लाइक्स येतात. सिरियलवाल्यांनी विचारलंय. शाळा थोडी बुडेल पण करिअर होईल असं मिस्टर म्हणतात. (ठाणे)

उत्तर : मुलीला विचारलंत का? पत्रात मिस्टर काय म्हणतात ते आहे, सिरियलवाले काय म्हणतात ते आहे, तिचं एक वाक्य नाहीये. मला ते खटकलं.

हंसा वाडकर आठवतात? त्यांना लहान वयात घर चालवायला सिनेमात उभं केलं, रतन साळगावकर नाव होतं, नाव पण बदललं. केवढी मोठी नटी झाली, आणि त्यांचं आत्मचरित्र 'सांगत्ये ऐका' वाचलंत तर कळेल त्याची किंमत कुणी भरली. मी काही तुम्हाला तसे आईबाप म्हणत नाहीये. पण पैसा मुलीच्या कामाचा आणि निर्णय मोठ्यांचे, ही रचना तीच आहे.

काम द्यायचंच असेल तर कायदा काय आहे तो तरी बघा. लहान मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांच्या वर नाही, सलग २७ दिवसांच्या वर नाही. प्रोड्युसरला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. शाळा बुडता कामा नये ही त्यांची जबाबदारी आहे. आणि मुलीच्या कमाईतले कमीत कमी २० टक्के तिच्या नावानं बँकेत फिक्स ठेवावे लागतात, ते तिला मोठी झाल्यावर मिळतात. हे सगळं प्रॉडक्शनला तोंडावर विचारा. टाळाटाळ करायला लागले तर सरळ नाही म्हणा.

प्रश्न : ताई, मी यवतमाळची, रंगानं चांगलीच सावळी आहे. दोन वर्षं मुंबईत आहे. मला फक्त कामवाली, नाहीतर गावातली गरीब बाई असेच रोल विचारतात. एकानं सरळ सांगितलं की लीडसाठी 'फेअर' पाहिजे. स्मिता पाटीलचं उदाहरण सगळे देतात पण मला त्यानं आता बरं वाटत नाही. काय करू?

उत्तर : तुझं पत्र मी परत परत वाचलं. स्मिताचं उदाहरण आपण फार स्वस्तात देतो हे तुझं बरोबर आहे, 'बघ ती पण सावळी होती' म्हणून मोकळे होतो, जसं काही तिला सगळं सोपंच गेलं.

तरी मी तिच्याबद्दल बोलणारच कारण तिच्या गोष्टीतला एक भाग लोक सांगत नाहीत. ती मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायची, जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची असं सांगतात, तिथं श्याम बेनेगलांनी तिला बघितलं. १९७५ ला 'निशांत', ७६ ला 'मंथन', ७७ ला 'भूमिका' आणि त्याच वर्षी जब्बार पटेलांचा 'जैत रे जैत'. 'भूमिका'ला राष्ट्रीय पुरस्कार, ती विशीच्या सुरुवातीला होती. नंतर 'चक्र'ला पुन्हा. आता बघ, हे सिनेमे कुणी केले, तर अशा डायरेक्टर लोकांनी ज्यांना गोरी बाहुली नकोच होती. म्हणजे दार उघडणारा माणूस वेगळा होता. तेव्हाची बाकी इंडस्ट्री तेवढीच रंगवेडी होती, ती काही स्मितामुळे सुधारली नाही, आणि आज तुला फेअर पाहिजे म्हणणारा त्याच परंपरेतला आहे. दोष तुझ्या चेहऱ्यात शोधू नकोस, तिथं तो नाहीये.

त्यामुळे माझं म्हणणं, ज्या दारावर तू डोकं आपटतेयस ते बदल. डेली सोप आणि जाहिराती ही रंगाबाबत सगळ्यात कडक ठिकाणं आहेत, तिथं दोन वर्षं दिलीस, पुरे. फिल्म स्कूलचे डिप्लोमा सिनेमे, नवीन डायरेक्टरांच्या शॉर्ट फिल्म्स, प्रायोगिक नाटकं, तिथं पैसे कमी मिळतात, कधी कधी नुसता प्रवासखर्च, पण तिथले लोक पाच वर्षांनी फीचर करतात आणि तेव्हा त्यांना तू आठवतेस. स्मितानं पण सुरुवातीला एफटीआयआयची डिप्लोमा फिल्म केलेली आहे. आणि गरीब बाईचा रोल आला तर एकदम नाकारू नकोस, स्क्रिप्ट माग. त्या बाईला नाव आहे का, तिचा एक तरी स्वतःचा सीन आहे का ते बघ. असेल तर कर आणि जीव ओतून कर. 'चक्र'मधली अम्मा झोपडपट्टीतलीच बाई होती. नुसतं ट्रे घेऊन आत यायचं असेल तर सोड. वऱ्हाडी बोली तुझ्याकडे आहे ना, ती घालवू नकोस, हल्ली बोली येणारे खरे कलाकार शोधत फिरतात लोक.

प्रश्न : मी एका सिरियलमध्ये सात महिने छोटा पण नावाचा रोल केला, मीरा रोडला सेट होता. ट्रॅक संपवला. शेवटच्या तीन महिन्यांचं पेमेंट नाही, फोन उचलत नाहीत. अजून एक गोष्ट, प्रॉडक्शनमधला एक जण सेटवर घाणेरडं बोलायचा, दोनदा हात लावायचा प्रयत्न केला. मी कुणाला बोलले नाही, वाटलं काम जाईल. आता काम गेलंच आहे. तुम्ही हे छापलंत तरी चालेल.

उत्तर : छापतेय, कारण हे वाचणाऱ्या अजून किती जणींचं हेच चाललं असेल.

आधी पैसे. टीव्हीत ९० दिवसांनी पेमेंट हा रिवाज आहे, म्हणजे जानेवारीत केलेल्या कामाचे पैसे एप्रिल-मेमध्ये, मुंबईत नवीन आलेली मुलगी तीन महिने भाडं कुठून देणार याचा विचार कुणी करत नाही. पण ९० दिवस उलटून गेले असतील तर ती सरळ थकबाकी आहे. ॲग्रीमेंट केलं होतं का? केलं असेल तर तुझ्याकडे कॉपी आहे का? बऱ्याच मुलींकडून सेटवरच घाईघाईत सही घेतात आणि कॉपी देतच नाहीत, इथून पुढे कॉपी हातात आल्याशिवाय सही करू नकोस. ॲग्रीमेंट नसलं तरी कॉल टाइमचे मेसेज, सीनचे पीडीएफ, एपिसोडच्या तारखा, आधीचे बँकेतले जमा, सगळं एका फोल्डरमध्ये काढून ठेव. आणि एक गोष्ट जी कुणी सांगत नाही, इन्कम टॅक्सच्या साइटवर तुझ्या पॅनवर २६ एएस उघडून बघ, तुझ्या नावावर कापलेल्या कराची नोंद त्यात असते. कंपनीनं त्या तीन महिन्यांचा टीडीएस, म्हणजे तुझ्या पैशातून कापलेला कर, भरला असेल तर त्यांनी तुझं बिल स्वतःच मान्य केलंय, मग 'तू कामच केलं नाहीस' असं म्हणायला त्यांना तोंड राहत नाही. सिंटाची सभासद असशील तर लेखी तक्रार टाक, नसशील तर वकिलाची नोटीस, आणि चॅनलच्या ईपीला, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसरला, त्याची ईमेल कॉपी.

आता दुसरं. तू बोलली नाहीस यात तुझी काही चूक नाहीये, हे आधी डोक्यातून काढ. केरळात मल्याळम इंडस्ट्रीतल्या बायकांनी संघटना केली, सरकारनं २०१७ मध्ये हेमा समिती नेमली, तिचा अहवाल बाहेर यायला ऑगस्ट २०२४ उजाडला, आणि त्यात हेच, काम जाईल म्हणून बायका गप्प राहिल्या. त्याच बायकांच्या याचिकेवर केरळ हायकोर्टानं २०२२ मध्ये सांगितलं होतं की सिनेमाच्या प्रत्येक युनिटला अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती पाहिजे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे, तो सगळ्या देशाला लागू आहे, दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथं समिती हवीच. प्रॉडक्शनकडे ईमेलवर विचार, तुमच्या समितीवर कोण आहे. उत्तर आलं नाही किंवा समितीच नसली तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तक्रार तिथं करता येते, आणि तुझं तिथलं काम संपलेलं असलं तरी करता येते. पोलिसांत जायचं असेल तर तो रस्ता वेगळा उघडा आहेच.

फक्त तारखा बघ. समितीकडे तक्रार शेवटच्या प्रकारापासून तीन महिन्यांत द्यायची असते, योग्य कारण लिहून दिलं तर अजून तीन महिने वाढवून मिळू शकतात. तुझे तीन महिने संपत आले असतील, म्हणून कॉलमची वाट न बघता तुला हेच उत्तर आधी पोस्टानं पाठवलंय. काय झालं, कधी, कुठल्या सीनच्या वेळी, आजूबाजूला कोण होतं, जेवढं आठवतंय तेवढं साध्या मराठीत लिहून काढ. मसुदा मला पाठव, मी बघून देते आणि वकील मैत्रिणीला पण दाखवते.